खाऱ्या पाण्याची राखण

बायको गेल्यावर लोक भेटायला यायचे आणि पाचच मिनिटांत त्यांची नजर टाकीकडं वळायची. त्यात त्यांचा दोष नव्हता. बीडसारख्या गावात, जिथं नळाला आठवड्यानं पाणी येतं, तिथं कुणाच्या बैठकीच्या खोलीत चार फूट लांबीच्या काचेत समुद्र भरून ठेवलेला दिसला तर माणूस बघणारच. "ह्याला पाणी मुंबईहून आणता का?" असं हमखास विचारायचे. पूर्वी मी "होय, टँकरनं" असं सांगून मजा बघायचो. त्या दिवसांत नुसतं "नाही" म्हणायचो.

खरं तर ते पाणी घरीच तयार व्हायचं. टँकरचं जड पाणी मशीनमधून गाळायचं, त्यातले होते नव्हते तेवढे क्षार काढून टाकायचे आणि मग पुण्याहून मागवलेलं समुद्री मीठ त्यात मापानं विरघळवायचं. आधी क्षार काढायचे आणि पुन्हा क्षारच घालायचे, हे आईच्या डोक्यात कधीच बसलं नाही. त्यातून एक बादली चांगलं पाणी निघेपर्यंत तीन-चार बादल्या मोरीत जायच्या. आई ते टाकाऊ पाणी धुण्याभांड्याला वापरायची, पण तोंडाचा पट्टा चालूच असायचा. "लोकाला प्यायला पानी न्हाई, आन् आमच्या घरात हाय ते खारं करून ठिवत्यात!"

बायको हसायची आणि आपलं काम करत राहायची. ती ज्युनिअर कॉलेजात केमिस्ट्री शिकवायची. आम्हाला मूलबाळ नव्हतं. घरात आम्ही दोघं आणि आई. टाकीचं वेड कुठून लागलं, ते मला नीटसं आठवत नाही, पण लागलं ते लागलंच. पोवळी, म्हणजे कोरल, पुण्याहून यायची; सोबत झिंगे, गोगलगायीही. दुकानदार थर्माकोलच्या डब्यात भरून लातूरकडं जाणाऱ्या ट्रॅव्हल्समध्ये ठेवायचा, आणि मी पहाटे मांजरसुंब्याला ढाब्यासमोर स्कूटर लावून वाट बघत उभा राहायचो. डब्यात काय आहे असं क्लीनरनं विचारलं की मी "औषधं" म्हणायचो. जिवंत पोवळी म्हटलं असतं तर तो सोन्याच्या भावाचं काहीतरी समजला असता.

आई आणि बायको यांचं टाकीवरून रोज वाजायचं. मोठं भांडण कधी झालं नाही, पण कुरबुर कधी थांबलीही नाही. मी मध्ये पडत नसे. मध्ये पडणाऱ्याचं काय होतं ते मला ठाऊक होतं.

मग बायकोला कॅन्सर निघाला. पोटाचा. फार दिवस मिळाले नाहीत. शेवटी शेवटी तिला उभं राहवत नव्हतं, तेव्हा ती टाकीसमोर खुर्चीत बसायची आणि मला शिकवायची. काचेच्या छोट्या नळीत टाकीचं पाणी घ्यायचं, त्यात औषधाचे थेंब टाकायचे, रंग बदलला की थांबायचं. एका नळीत कॅल्शियम, दुसरीत अल्कलिनिटी, तिसरीत मॅग्नेशियम. पोवळी आपलं हाड याच पाण्यातून बांधतात, म्हणून हे तिन्ही रोज थोडं थोडं कमी होतं आणि तेवढंच परत द्यावं लागतं. मी एकदा उत्साहानं जास्त औषध ओतायला निघालो, तर ती म्हणाली, "थांबा. आकडा थोडा चुकीचा असला तरी त्यांना चालतं. रोज हलणारा आकडा चालत नाही." वर्गात मुलांशी बोलायची तसंच बोलली. मी मान हलवली.

ती दिवाळीच्या आधी गेली. दहाव्याला कावळा लगेच शिवला. सगळ्यांना बरं वाटलं, मला काहीच वाटलं नाही. रडूही आलं नाही. लोक म्हणायचे, घट्ट मनाचा आहे. घट्ट वगैरे काही नव्हतं. दाताच्या डॉक्टरनं इंजेक्शन दिल्यावर गाल आपला नाही असं वाटतं ना, तसा मी अख्खा झालो होतो. कचेरीत जायचो, सह्या करायचो, घरी यायचो, ताटात आई वाढेल ते खायचो. आणि टाकी सांभाळायचो. तिच्या हातचं जिवंत असं घरात तेवढंच उरलं होतं. ते मरू द्यायचं नाही, एवढं मी ठरवलं होतं. का, असं कुणी विचारलं असतं तर सांगता आलं नसतं.

टाकीतलं पाणी रोज थोडं उडून जातं. मीठ मागंच राहतं, म्हणून वरून गोडं पाणी घालून पातळी सारखी करावी लागते. ते काम मी संध्याकाळी करायचो. पुढं पुढं बघतो तर पातळी खुणेवरच असायची. थंडीचे दिवस आहेत, पाणी कमी उडत असेल, असं म्हणून मी कॅन परत ठेवून द्यायचो.

संक्रांतीच्या सुमारास टाकीतल्या गोगलगायी काचेवरून खाली पडू लागल्या. पडल्या की उलट्या पडून राहायच्या. मग एक झिंगा मेला, दुसरा दिसेनासा झाला. पोवळी सकाळी उमलायची ती उमलेनाशी झाली. जांभळं होतं ते राखाडी पडलं आणि त्याची कातडी सुटू लागली. मी रोज थेंब टाकत होतो. मीठ बरोबर. कॅल्शियम बरोबर, अल्कलिनिटी बरोबर, मॅग्नेशियमही बरोबर. एकही आकडा हलत नव्हता आणि टाकी मरत होती. पाणी बदलून बघितलं. दोन दिवस बरं वाटायचं आणि पुन्हा तेच.

पुण्याच्या दुकानदाराला फोन केला. तो सगळं ऐकून म्हणाला, "काका, पाण्याला कुठं तांबं लागतंय का? मोटारीची तार उघडी पडलीय? टाकीत नाणं वगैरे पडलंय? माशांना थोडंफार चालतं, पण गोगलगाय, झिंगा, पोवळं यांना तांबं म्हणजे विष." मी मोटार उघडून बघितली. पाइप सगळे प्लास्टिकचे होते. वाळू हातानं चाळली. नाणं नव्हतं. त्याला तसं कळवलं. तो म्हणाला, मग माझं डोकं चालत नाही.

एका सकाळी कचेरीला निघालो आणि मोबाईल विसरला म्हणून फाटकातून परत आलो. दार उघडंच होतं. आई प्लास्टिकच्या स्टुलावर चढून टाकीपाशी उभी होती. हातात तिचा रोजचा तांब्या, चिंच लावून घासलेला, लखलखीत. ती बारीक धारेनं टाकीत पाणी सोडत होती आणि बोलत होती.

"घे. पी आता. लई तान लागली आसंल."

मी दारातच थांबलो. तिनं वळून बघितलं. दचकली वगैरे नाही.

"पानी कमी झालं व्हतं," ती म्हणाली.

"कधीपासून घालतीस?"

"ती गेली तवापासून. रोज सकाळी. तुला येळ कुठं असतोय?" आणि मग घाईनं म्हणाली, "साधं न्हाई घालत. तिनं सांगितलेलं हाय मला, त्येनला मशीनचंच पानी लागतंय. रातच्याला मशीनचं भरून ठिवते तांब्यात."

टाकीच्या नावानं इतकी वर्षं बोटं मोडणाऱ्या माझ्या आईनं सुनेचा एक शब्द बरोबर लक्षात ठेवला होता. मशीनचं पाणी भुकेलं असतं. त्यात काहीच नसल्यामुळं ते ज्या भांड्यात राहील त्याचं थोडं ओढून घेतं, आणि घासूनपुसून उघड्या केलेल्या तांब्यातून तर जास्तच. साध्या नळाचं पाणी घातलं असतं तर कदाचित इतकं बिघडलं नसतं.

मला राग यायला हवा होता. आला नाही. गप्प बसून तांब्या कुठंतरी लपवावा, असंही मनात आलं. पण तिनं दुसरं भांडं काढलं असतं, घरात तांब्या-पितळेची काय कमी होती. उरलेली पोवळी वाचवायची तर सांगावंच लागणार होतं. म्हणून मी सांगितलं. कचेरीत एखाद्याचा अर्ज का नामंजूर झाला ते ज्या आवाजात सांगतो, त्याच आवाजात. तांबं पाण्यात उतरतं, रोज साठत जातं, या जिवांना ते सोसत नाही, म्हणून मेले.

आई स्टुलावरून उतरली. तांब्या टेबलावर ठेवला. पदरानं हात पुसले आणि पुसतच राहिली.

"मंग तिला बी मीच मारलं का?" ती म्हणाली.

मला कळेना.

"तू कचेरीत जायचास. तिला अन्न ठरत न्हवतं, पानी तेवढं ठरायचं. ह्याच तांब्यातलं पाजत व्हते रोज. आत्या, तुमीच द्या म्हनायची. दुसऱ्याच्या हातचं घ्यायची न्हाई."

हे मला माहीत नव्हतं. त्या दोघींचं एवढं होतं, हेच मला माहीत नव्हतं. मी नसताना, रोज.

मी म्हणालो, "अगं, माणसाला काही होत नाही त्यानं. तू जन्मभर तेच पाणी पितेस."

"मी धडधाकट हाय. ती आजारी व्हती."

"तिला कॅन्सर होता. डॉक्टरनं सांगितलं होतं ना तुझ्यासमोर."

"डाक्टरला काय म्हाईत, मी काय पाजत व्हते त्ये?"

मी मापं सांगू शकलो असतो, माणसाचं यकृत काय करतं ते सांगू शकलो असतो. तिच्या चेहऱ्याकडं बघून कळत होतं की यातलं काही आत जाणार नाही. टेबलावरच्या तांब्यात अर्धंअधिक पाणी उरलं होतं. मी तांब्या उचलला आणि तोंडाला लावला.

"आरं, कावून पितो?" आई माझ्या हाताला धरायला आली.

"मी तरी कुठं धडधाकट आहे," मी म्हणालो, "तीन महिने धड जेवलो नाही, तूच म्हणतेस ना?" आणि सगळं पाणी पिऊन तांब्या उपडा करून दाखवला.

कचेरीत गेलो नाही. तिनं जाऊ दिलं नसतं. दिवसभर ती माझ्या मागं होती. मी टाकीतलं निम्मं पाणी काढलं, नवं भरलं, मेलेली पोवळी वेचून बाहेर काढली, आणि ती दारात बसून माझ्याकडं बघत होती. मी खोकलो की उठायची. दुपारी आडवा झालो तर पायापाशी येऊन बसली, आणि मी डोळे मिटले की "झोपलास का?" म्हणून हलवायची. मी "नाही" म्हणायचो. "पोटात दुखतंय का?" "नाही." "मळमळतंय?" "नाही, आई."

दिवस मावळायला तिनं माझ्या कपाळावर हात ठेवला, मग गळ्यावर, मग पोटावर.

"काय बी न्हाई झालं तुला," ती म्हणाली.

"काहीच नाही."

"मंग माझ्या पान्यानं न्हाई गेली ती."

"नाही, आई."

तेव्हा ती रडली. सून गेल्यावर चारचौघींत बायका रडतात तशी ती रडली होती, हे तसं नव्हतं. ती सुनेला नावानं हाक मारत होती. मी तिच्या शेजारी जमिनीवर बसलो. मला रडू आलं नाही. पण आईची मला फार दया आली, आणि बायको गेल्यापासून मला काही वाटलं असेल तर ते तेवढंच.