विटांच्या घराचे मालक

मी आज हे लिहायला आहे तो परतूरच्या माझ्या घरमालकांमुळं. आणि आपलं घर दुसऱ्याला दाखवण्याची एवढी हौस असलेला माणूस साऱ्या निजामी मुलखात दुसरा झाला नसेल.

चौथीतून शाळा सोडलेला मी मोठेपणी तापीकाठाहून तिथल्या कापसाच्या जिनात कामाला आलो आणि त्यांची माडी भाड्यानं घेतली. ती दाखवायला त्यांना अख्खी दुपार लागली. जोतं काळ्या दगडाचं, वर तळहाताएवढी चपटी वीट, चुन्यात गूळ आणि उडीद. "चाटून बघा, गोड लागते का न्हाई." मी चाटली, परक्या गावात नाही कुणाला म्हणायचं? घर बांधणारा गवंडी त्यांच्या सांगण्यात कधी औरंगाबादचा असे, कधी बुऱ्हाणपूरचा. थोरल्या मुलीला पाहायला आलेली मंडळी कमान, कोनाडे, माळवद पाहता पाहता गाडीची वेळ झाली म्हणून उठली. मुलगी पाहायची राहून गेली. शेवट मात्र ठरलेला, बळदावर. बळद म्हणजे भिंतीच्या पोटातली ज्वारीची कोठी. तोंड वर माडीत, खालून नुसती भिंत. तिच्यावर अंगठी वाजवून ते म्हणत, "ऐका. पोकळ हाय. सांगितल्याबिगर ब्रह्मदेवाला कळणार न्हाई."

संस्थानाच्या शेवटच्या वर्षी बंदी असलेलं वर्तमानपत्र मी जिनात वाचून दाखवलं आणि कुणीतरी चुगली केली. पोलीस अमीन दारात आला तेव्हा मालकांनी मला बळदात उतरवून वर फळी टाकली, फळीवर पोती रचली. मी कमरेएवढ्या ज्वारीत उभा, आणि बाहेर त्यांचा आवाज.

"या अमीनसाब, आधी जोतं बघा."

"घर नक्को. किरायेदार कां है बोलो."

"किरायेदार दोन सालाचा. घर आजाच्या वेळचं हाय. आधी मोठ्याचा मान."

कमान झाली, कोनाडे झाले. पावलं माझ्या भिंतीशी येऊन थांबली. ही भिंत वाजवल्याशिवाय त्यांनी आजवर एकाही माणसाला सोडलं नव्हतं.

"और ये?"

अंगठी भिंतीला नुसती घासली, वाजली नाही.

"ही? हिच्यात काय न्हाई. साधी भिंत हाय."

अमीन कंटाळून गेला. मालकांनी मला वर ओढून काढलं तेव्हा त्यांचा चेहरा सुतकी झालेला. "वाचलास," म्हणाले, आणि मग हळूच, "साधी म्हनलो रे मी तिला."

त्याच संध्याकाळच्या गाडीनं मी निघालो, तो अजून परतलेलो नाही. पण हे उपकार फेडायचे आहेत. एक दिवस जाईन, नवख्या पाहुण्यासारखा त्यांच्या दारात उभा राहीन आणि विचारीन, "मालक, हे घर कुणी बांधलं?"