बद्द वाजलेली पुंगळी

माझी बायको अबुधाबीबाहेरच्या एका शूटिंग क्लबात काडतुसं भरते. बँकेतल्या सहकाऱ्यांना हे पहिल्यांदा सांगितलं तेव्हा त्यांना वाटलं, मी गंमत करतोय. कॉलेजात असताना ती एनसीसीकडून रायफलच्या स्पर्धांना जायची. इथे आल्यावर, मुलगी शाळेत जायला लागली तशी ती क्लबात नवशिक्यांना शिकवू लागली. तिथून मागच्या वर्कशॉपमध्ये कधी शिरली आणि तिथलीच होऊन गेली, ते मलाही नीट आठवत नाही.

क्लबकडे काडतुसं भरण्याचं रीतसर लायसन्स आहे. गोळी झाडल्यावर मागे राहते ती पितळी पुंगळी पुन्हा वापरता येते. ती धुवायची, प्रेसच्या साच्यात, म्हणजे डायमध्ये, दाबून मापात आणायची, बुडाला नवा प्रायमर, म्हणजे ठिणगी पाडणारी टिकली, बसवायचा, मोजून दारू घालायची आणि तोंडाशी नवी गोळी बसवायची. पण पितळ दर वेळी थोडं थकतं. कधी तोंडाशी केसासारखी चीर जाते. ती निदान दिसते तरी. बुडाजवळ आतून जाणारी चीर बाहेरून कळत नाही, आणि तीच घातक. तिथे पुंगळी फाटली, तर तापलेला वायू उलटा फिरून नेम धरणाऱ्याच्याच तोंडावर येऊ शकतो.

एका शुक्रवारी मी बँकेतून दुपारी सुटलो, मुलीला घेतलं आणि हिला आणायला थेट क्लबात गेलो. दुसऱ्या दिवशी सभासदांचा सामना होता. ही टेबलाशी उभी होती. चार-पाच पुंगळ्या ओंजळीत घेऊन कानाशी खुळखुळवायची, बाजूला ठेवायची, पुढच्या घ्यायची. तिच्या माहेरी सांगलीला भांड्यांचं दुकान आहे. घागर वाजवून घ्यायची सवय तिची तिथली.

"मॉम, आय ॲम हंग्री," मुलगी म्हणाली.

"थांब गं. ऐक." तिने ओंजळ पुन्हा हलवली. मला काहीच वेगळं ऐकू आलं नाही. तिने एकेक पुंगळी काढत नेली आणि शेवटी एक माझ्यासमोर धरली. "ही बद्द वाजतेय."

दिव्याखाली धरल्यावर तोंडाशी चीर दिसली. एवढंच असतं तर ती पुंगळी भंगारात टाकून आम्ही घरी गेलो असतो. पण तिची नजर खाली बुडाकडे गेली होती. तिथे पितळावर एक बारीक, चकचकीत कडं उमटलं होतं. टोकाला वाकवलेली एक तार तिने आत घातली आणि भिंतीवरून हळूच वर ओढली. तार मध्येच अडकली. मग तिने त्याच पेटीतली दुसरी पुंगळी घेतली, जिला वरून काहीही झालेलं नव्हतं. तार तिथेही अडकली.

तिने क्लबच्या मॅनेजरना बोलावलं. ते अमिराती, पण हिंदी आपल्यासारखं बोलतात.

"मॅडम, दो-चार खराब हैं तो निकाल दो. खलास."

"सर, दो-चार नहीं. पूरा लॉट बंद करना पडेगा."

"कल मॅच है! सबको क्या बोलूँ?"

हिने पुंगळी शिकंज्यात धरली, बारीक करवतीने उभी कापली आणि अर्धी फाक त्यांच्या तळहातावर ठेवली. बुडाच्या वर आतल्या बाजूने भिंत कोरल्यासारखी पातळ झाली होती. मॅनेजरनी त्या पातळ जागेवरून अंगठ्याचं नख फिरवलं. मग त्यांचा आवाज खाली आला.

"ये कैसे हुआ?"

"प्रेस का डाय ज़्यादा नीचे बैठा है. हर बार पुंगळी जास्त दबती है, फिर फायर में खिंचती है." घाईत तिच्या हिंदीत मराठी घुसतं. "पितल की गलती नहीं है, सर. हमारी है."

प्रेस लावणारा माणूस रजेवर होता. त्याचं नाव घ्यायला ती मोकळी होती. पण तिने "हमारी" म्हटलं, आणि ते मला फार आवडलं.

त्या लॉटमधली काही काडतुसं भरून एका म्हाताऱ्या सभासदाकडे गेली होती. मॅनेजरनी त्यांना फोन केला. ते कंदोऱ्यातच, म्हणजे इथल्या पांढऱ्या पायघोळ झग्यातच, काडतुसांची पेटी घेऊन आले. रागावतील असं मला वाटत होतं. त्यांनी कापलेली पुंगळी पाहिली, तार मागून घेतली, आणि एका रिकाम्या पुंगळीत स्वतः घालून पाहिली. तार अडकली तशी त्यांनी पेटी निमूटपणे हिच्यापुढे सरकवली.

"खोलो, बेटी."

तिने एकेक गोळी उपसली, दारू वेगळी काढली. त्यातल्याही बऱ्याच पुंगळ्यांत तार अडकली. म्हातारबुवा तेवढा वेळ स्टुलावर बसून राहिले. तिच्या हातांवरून त्यांची नजर हलली नाही. मुलगीसुद्धा भूक विसरून माझ्या खांद्याला टेकून बघत होती. "इज शी ऑलवेज लाइक धिस?" तिने मला हळूच विचारलं. मी मान डोलावली.

सामना दुसऱ्या दिवशी कारखान्यातून आलेल्या काडतुसांवर झाला. म्हातारबुवांचा नेम त्या काडतुसांनी बसेना आणि ते बरेच मागे पडले. बक्षीस समारंभात त्यांनीच सगळ्यांना हसत सांगितलं की आज मी हरलो ते मॅडममुळे, आणि माझे दोन्ही डोळे जागेवर आहेत तेही मॅडममुळे. ही मागच्या रांगेत लाजून लाल झाली होती.

आता क्लबात जो कोणी काडतुसं भरायला शिकतो, तो आधी हिच्या टेबलाशी बसतो. प्रेसला हात लावायच्या आधी तिथे डोळे मिटून पुंगळ्या ऐकायच्या असतात. एका संध्याकाळी मी काचेपलीकडून पाहिलं, तेव्हा दोन दांडगे तरुण डोळे घट्ट मिटून ओंजळ हलवत होते आणि ही शेजारी हाताची घडी घालून उभी होती. एकाने चुकीची पुंगळी उचलून दाखवली. तिने मान हलवली, ती परत त्याच्या ओंजळीत टाकली आणि म्हणाली, "फिर से सुनो. जल्दी नहीं है."