दिसलं तेवढंच लिहिणारे इंगोले सर

इंगोले सरांची नि माझी पहिली भेट भांडणाची. सरांच्या पंच्याहत्तरीच्या या पुस्तकात त्यांच्या विद्वत्तेवर बाकीचे लिहितीलच. मी चौथी शिकलेली, कनेरगाव नाक्यावर ढाबा चालवते. मला भांडणच लिहिता येईल.

माझी लेक पल्लवी सरांच्या हाताखाली पीएच.डी. करत होती. प्रोटीनचा बारीक स्फटिक करायचा, त्यावर एक्स-रे सोडायचे, उमटलेल्या ठिपक्यांवरून प्रोटीनचा आकार काढायचा, असं ते काम. स्फटिक कच्चा निघाला की चित्र धूसर येतं. अशी धूसर चित्रं उलगडण्यातच सरांची हयात गेली. पल्लवीच्या चित्रात प्रोटीनच्या खोबणीत एक डाग दिसत होता. तो औषधाचा रेणू आहे, असं तिनं लिहिलं. सरांनी ते खोडायला लावलं. इकडे तिची नोकरी ठरलेली, डिग्री वेळेत हवी. मी तडक औंढ्याला सरांच्या घरी गेले.

"डाग दिसून राहिला ना सर? मग लेकराला काहून अडवता?"

सर चिडले नाहीत. मला गच्चीवर घेऊन गेले. लांब बांधावरून कुणीतरी चाललं होतं.

"कोण आहे, ताई?"

"बाई हाय. चालण्यावरून कळतं की."

"डोक्यावर?"

"हाय काहीतरी."

"घागर का पाटी?"

"इतक्या दुरून मला काय माहीत? तुमी बी काही विचारता."

"पल्लवीनं बाई बराबर ओळखली," सर म्हणाले. "पण घागर लिहून टाकली. उद्या कुणी त्या घागरीच्या भरोशावर औषध करायला बसेल."

"अन् नोकरी गेली तर?"

"जाईल," सर म्हणाले.

गेलीच. मला अजून हळहळ आहे, खोटं काहून लिहू? पण नंतर सर रोज दुपारी तिला घेऊन संगणकापुढे बसले. 'उशीर माझ्यामुळे झाला' असं विद्यापीठाला त्यांनी स्वतःच्या सहीनं कळवलं. नवे स्फटिकही कच्चेच निघाले. शेवटी 'इथे काहीतरी आहे, काय ते सांगता येत नाही' असं लिहूनच पल्लवीला डिग्री मिळाली.

आता सरांच्या डोळ्यांत मोतीबिंदू उतरलाय. परवा मी गेले तेव्हा सर ओसरीवर बसले होते.

"कोण आहे?"

"ओळखा की."

"बाई आहे. रागात चालते," सर म्हणाले. "नाव तुम्हीच सांगा."

सर, डोळ्यांचं ऑपरेशन लवकर उरका, तब्येत जपा. अन् अजून लई वर्षं दारात आलेल्याला असंच त्याचं नाव सांगायला लावा.