सासऱ्यांची सोळा आण्यांची साखळी

देवाने पृथ्वी घडवली असेल, पण हद्दी कायम करायचं त्याच्याकडून राहून गेलं आणि ते काम आपल्याकडे आलं, अशी माझ्या सासऱ्यांची प्रामाणिक समजूत आहे. मोजणीदार म्हणून निवृत्त होऊन जमाना लोटला, तरी काष्टीच्या घरात त्यांची लोखंडी साखळी अजून खुंटीला आहे. तेहतीस फूट लांब, सोळा आण्यांची; एक आणा म्हणजे दोन फुटांहून जरा जास्त. यच्चयावत वस्तू ते आण्यांतच मोजतात. मी मुलगी बघायला गेलो, तेव्हा मला डोक्यापासून पायापर्यंत न्याहाळून ते सासूबाईंना म्हणाले, "पावनेतीन आनं हाय. चालंल." त्याआधी मला माझ्या उंचीचा अभिमान होता.

मी संगमनेरला भूगोल शिकवतो, त्यामुळे जमिनीतलं आपल्याला कळतं असा माझा समज. पारनेरच्या आमच्या शेताचा बांध दादाने, म्हणजे थोरल्या भावाने, माझ्याकडे सरकवलाय, हे मी मोबाईलवर नकाशा बघून ठरवलं आणि त्याच्याशी बोलणं टाकलं. दोन दिवाळ्या तशाच गेल्या. शेवटी दादाला उघडा पाडायला मी मोठ्या तोऱ्यात सासऱ्यांना साखळीसकट शेतावर नेलं.

त्यांनी आधी माझा मोबाईल काढून घेतला. "ह्यो वरनं बघतो, जावईबापू. बांध खाली हाय." मी साखळी धरायला आणलेले दोन गडी त्यांनी लिंबाखाली बसवले. "ज्याचं भांडान, त्यानंच साखळी वढायची," हा त्यांचा नोकरीपासूनचा नेम. एक मूठ माझ्या हातात, दुसरी दादाच्या. पण न बोलता साखळी ताणायची कशी? दोघांनी खाकरून पाहिलं. मग दादाच ओरडला, "ढिली हाय रं, ताण की!" दोन वर्षांनी ऐकलेला तो आवाज. मी अशी ताणली, की ढेकळांत आडवा झालो. दादा धावत आला. "लागलं का रं?" मला रडू आलं, ते गुडघ्यामुळे, असं मी दाखवलं.

हद्दीच्या जुन्या दगडापासून बांध खरंच सरकला होता. "अर्धा आना," सासरे म्हणाले, "पर जावईबापू, त्यो तुमीच खाल्लाय." भांडणाआधीच्या पेरणीला हौसेने ट्रॅक्टर मीच चालवला होता, अगदी बांधाला खेटून. मला कुठं तोंड लपवू असं झालं. दादा हसला. "ऱ्हाऊ द्या तात्या. धाकटा हाय."

आता सासरे थकलेत. आम्ही दोघं भाऊ महिन्यातून एकदा काष्टीला जातो. बाजेपासून दार सात आणे, हे त्यांनीच कधीकाळी मोजलेलं. परवा म्हणाले, "दार लांब गेलंय व्हय, जावईबापू?" मी मास्तरकीच्या सवयीने फुटांत सांगणार होतो, तेवढ्यात दादाने डोळ्यांनीच गप्प केलं. एका बाजूने त्याने त्यांना धरलं, दुसऱ्या बाजूने मी.

"ढिलं सोडू नगं रं," दादा म्हणाला.

दाराशी पोचायला बराच वेळ लागला. चौकटीला हात टेकून सासऱ्यांनी मागे बाजेकडे पाहिलं. "सातच हायेत," ते म्हणाले.