सड्याचा कौल

पर्यावरणशास्त्रात बी.एस्सी. करते म्हटलं की आमच्या गावात एकच प्रश्न यायचा, "म्हणजे झाडं लावायची ना?" मी रोज एस.टी.ने रत्नागिरीला जायची, माती आणि भूजल असल्या विषयांत डोकं घालायची आणि संध्याकाळी परत येऊन हेच ऐकायची. गावाला तरी काय बोलणार? पाच जूनला कॉलेजही आम्हाला टोप्या घालून खड्डेच खणायला लावायचं. तेव्हा मी हसायची. आता कुणी तसं विचारलं की माझं डोकं फिरतं.

आमच्या वाडीच्या डोक्यावर सडा आहे, म्हणजे कातळाचं उघडं पठार. सरकारदप्तरी ती पडीक जमीन. पावसाळ्यात तिथे पाणी साठतं, मुरतं आणि खाली वाडीच्या विहिरीला येतं. तिसऱ्या वर्षाचा प्रकल्प मी त्याच विहिरीवर केला. दर रविवारी दोरीला दगड बांधून पाणी मोजायची. वरची डबकी आटली की काही दिवसांनी विहीर उतरू लागायची. वाडीतल्या बायका पाणी शेंदता शेंदता मला चिडवायच्या, की विहिरीचं लग्न ठरवतेस काय म्हणून. आमच्या सरांनी प्रकल्पाचं भर वर्गात कौतुक केलं.

त्याच शिमग्याला गावकीची बैठक ठरली. एक ठेकेदार सड्याचा कातळ कापून चिरेखाण काढणार होता आणि बदल्यात देवळापुढे सभागृह बांधून देणार होता. मी धावत सरांकडे गेले, म्हटलं, गावात येऊन दोन शब्द सांगा. सर म्हणाले, "प्रकल्प उत्तम आहे, पण गावच्या भानगडीत कॉलेजचं नाव नको." मग शिकवलंत कशाला? हे मी त्यांना विचारलं नाही, याची चीड आजही येते.

बैठकीला मुंबईकरही होते, गावचेच पण मुंबईत राहणारे. सभागृह त्यांनाच हवं होतं, चार दिवस येऊन पंख्याखाली बसायला. विहिरीचं पाणी वर्षभर भरणाऱ्या बायका देवळाच्या पायरीखाली उभ्या होत्या, कारण गावकीत बायका बसत नाहीत. मी खालूनच बोलले. सडा फोडलात तर विहीर जाईल, म्हटलं. गावचे मानकरी, नात्याने माझे काका, शांतपणे म्हणाले, "देवीला इचारू. ती सांगेल ता खरा."

आमच्याकडे मोठं काम देवीला विचारल्याशिवाय होत नाही. गुरव मूर्तीवर ओल्या कळ्या लावतो, गाऱ्हाणं घालतो आणि उजवीकडची कळी आधी पडली की होकार. गुरवाने गाऱ्हाणं घातलं, "सभागृह व्हावा अशी तुझ्या लेकरांची इच्छा हाय, ती तुला मान्य हाय काय?" सड्याचं नाव नाही, विहिरीचं नाव नाही. कोणती देवी याला नाही म्हणेल? मी ओरडले, "काका, विहीर आटेल काय, हेही विचारा!"

"देवीला दोनदा इचारीत नाय, बाय," ते म्हणाले. उजवी कळी पडली आणि सगळ्यांनी हात जोडले. माझ्या आईनेही जोडले.

सड्यावर खाण सुरू झाली, सभागृह झालं. पंखे लागले. दुसऱ्या वर्षी शिमग्याआधीच विहिरीचा तळ दिसला, आणि तोही आदल्या पावसाळ्यात धो धो पाऊस पडलेला असताना. बायका खाली ओढ्यावर, आमच्या वहाळावर, जाऊ लागल्या, म्हणजे चढ चढून हंडे आणणं आलं. मग काका आमच्या पडवीत येऊन बसले. टँकरसाठी अर्ज हवा होता, आणि गावात या विषयात शिकलेली मी एकटीच. "पाऊस कमी झाला म्हणून विहीर आटली, असा लिव," ते म्हणाले. खाणीचं नाव काढलं तर ठेकेदार तंटा करील, आणि कौल देवीचा होता, तिला बोल कसा लावायचा?

मी लिहिलं ते खरं लिहिलं. सडा फोडला म्हणून विहीर आटली. काकांनी कागद वाचला, घडी घालून माझ्याच हातात दिला आणि सही न करता निघून गेले. टँकर आला नाही.

मला वाटलं होतं, निदान आईला बरं वाटेल. तिने हे सगळं आतून ऐकलं होतं. ती बाहेर आली, कमरेवरचा रिकामा हंडा माझ्यापुढे आपटला आणि म्हणाली, "खरा लिवलंस ना? मग आता ताच हंड्यात भर."

हंडा उचलून मी वहाळाची वाट धरली. इतका राग मला काकांचाही आला नव्हता.