सात खड्यांतला एक

माझ्या सासूबाई एकदा मांडीवर बॉम्ब घेऊन बसल्या होत्या.

जिवंत बॉम्ब. पहिल्या महायुद्धातला. स्टीलच्या वाटीत, हळदीकुंकवाच्या पुडीशेजारी.

आज आईंना जाऊन वर्ष झालं, म्हणून लिहितेय. एरवी माझा नवरा मंदार म्हणतो, कोणाला सांगू नकोस, लोकांना थाप वाटेल.

२०२० च्या फेब्रुवारीत आई तीन महिन्यांसाठी चिपळूणहून आमच्याकडे नेदरलँड्समध्ये, न्यूनेनला आल्या आणि अडकल्या. विमानं बंद. बाबा तिकडे एकटे, आई इकडे. ऑगस्ट आला तशी त्यांना एकच काळजी लागली.

"यंदा गौरी चुकणार."

आमच्या खड्यांच्या गौरी. घरच्या सवाष्णीने पाण्याकाठी जाऊन खडे निवडायचे, पाच किंवा सात, आणि घरात पाऊल टाकेपर्यंत अवाक्षर काढायचं नाही.

आता न्यूनेनमध्ये सगळी वाळू. खडे आणायचे कुठून? मी गार्डन सेंटरमधून पॉलिश केलेल्या खड्यांची पिशवी आणली. आईंनी ती उलटीसुलटी करून बघितली.

"विकतची गौर? कुंडीत घाल ते."

त्याच आठवड्यात मंदारने फ्रान्सचं काढलं. हा माणूस दिवसभर चिप बनवणाऱ्या मशीनचं सॉफ्टवेअर लिहितो आणि सुट्टीत महायुद्धाच्या डॉक्युमेंटरी बघतो. सीमा नुकत्याच उघडल्या होत्या, पुन्हा कधी बंद होतील याचा नेम नव्हता. पहाटे निघायचं, स्मारकं बघायची, जंगलात डबा खायचा, परत यायचं.

आधी हिंदी सैनिकांचं स्मारक. पांढऱ्या भिंतीवर नावंच नावं. मंदार आम्हाला लढाई समजावत होता. आई भिंतीला बोट लावून एकेक नाव मोठ्याने वाचत होत्या.

मी विचारलं, "ओळखीचं आहे का कोणी?"

"नाही गं. पण इतक्या लांब यांना हाक कोण मारणार?"

मग जंगल. तोफगोळ्यांनी पडलेल्या खड्ड्यांची आता तळी झालीयेत. हिरवंगार पाणी, कडेने नेचे, खालच्या अंगाला ओढा. इतकं सुंदर, की तिथे माणसं मेली हे पटत नाही.

पार्किंगमध्ये मोठा बोर्ड होता. या जमिनीतून अजून बॉम्ब निघतात, कशालाही हात लावू नका. खाली अशा बॉम्बचे फोटो. मंदारने त्या बोर्डाचाही फोटो काढला.

मी डबा आवरेपर्यंत आई ओढ्यावर जाऊन आल्या. पर्समध्ये वाटी आणि हळदीकुंकू घरूनच घेतलं होतं! आल्या त्या गप्प. वाटीत चिखलाने माखलेले सात खडे.

"आई गप्प बसलीय! व्हिडिओ काढ, बाबांना पाठवू," मंदार म्हणाला.

आईंनी मास्कच्या वरून डोळे वटारले आणि वाटी मांडीवर घेऊन मागच्या सीटवर बसल्या.

थोडं पुढे गेल्यावर मी त्यांना पाणी द्यायला वळले. एका खड्यावरचा चिखल वाळून गळला होता. अंड्याएवढा खडा. गंजलेला. मधोमध सरळ रेघ.

दगडाला अशी रेघ नसते.

"मंदार, गाडी थांबव."

त्याने मागे बघितलं. बोर्डावरच्या फोटोतला बॉम्ब.

११२ लावला. पलीकडची बाई इंग्लिशमध्ये शांतपणे म्हणाली, वाटी हलवू नका. बाकीचे सगळे लांब जा. बॉम्ब काढणारी टीम निघालीय.

"मी कुठेही जाणार नाही," मंदार म्हणाला. "आई, दे ती वाटी माझ्याकडे. हळूच दे."

आईंनी मान हलवली. नाही.

"आई, ऐक ना!"

त्यांनी डाव्या हाताने वाटी धरली, उजवा वर केला आणि आम्हाला ढकलल्यासारखा हलवला.

लांब जा. लांब.

तोंडातून शब्द नाही. मला असा संताप आला! मांडीवर मरण आहे आणि या बाईला नियम सुचतोय.

मी मंदारला शर्टाला धरून ओढत नेलं. बटाट्याच्या शेताच्या टोकाला उभे राहिलो. भर ऊन. लांब ती गाडी, आणि काचेत निळा मास्क. त्या वेळात मी देवाला काय काय कबूल केलं ते इथे लिहीत नाही.

मंदार सारखा पाऊल पुढे टाकायचा. काचेआड तो हात वर व्हायचा. हा मागे यायचा.

टीम आली. एकाने गाडीचं दार उघडलं, वाटीतून ती वस्तू अलगद उचलली आणि नेली.

आई उतरून आमच्याकडे चालत आल्या. वाटीत सहा खडे. सम आकडा गौरीला चालत नाही, म्हणून एक शेतात ठेवला. पोलिसांना नाव-पत्ता मंदारनेच सांगितला. अख्खं बेल्जियम आम्ही न बोलता पार केलं.

घरी आल्यावर वाटी देवापुढे ठेवली आणि आई म्हणाल्या, "डब्यात थालीपीठं उरलीत. गरम कर."

मी भडकले. "आई, निदान तेव्हा तरी बोलायचं! गौर काय रागावली असती?"

"गौरीसाठी कुठे गप्प बसले?" आई म्हणाल्या. "तोंड उघडलं असतं तर रडू फुटलं असतं. मी रडले असते, तर हा लांब गेला असता का?"

मंदार स्वयंपाकघरात जाऊन बराच वेळ नळ सोडून उभा राहिला.

त्या वर्षी गौरी झाल्या. पाच खडे डोमेल नदीत सोडले. विमानं सुरू झाल्यावर आई चिपळूणला परतल्या.

एप्रिलमध्ये दुसरी लाट.

शेवटच्या व्हिडिओ कॉलला नर्सने फोन धरला होता. ऑक्सिजनच्या मास्कमुळे आईंना बोलता येत नव्हतं.

"आई, मी येतोय. तिकीट बघतोय."

मान हलली. नाही.

मग चादरीतून उजवा हात वर आला. ढकलल्यासारखा हलला.

लांब.

या वेळी मंदारला शर्टाला धरून ओढावं लागलं नाही. तिकीटच मिळालं नाही.

श्रद्धांजली वगैरे मला लिहिता येत नाही, आई. एवढंच विचारते.

घरी पोचलात ना?

मग आता बोला.