साळवे सिस्टरांची शेवटची स्लाइड

भुताखेतांच्या गप्पा निघाल्या की मी उठून जाणारा माणूस. आयुष्यभर कॉम्प्युटर शिकवला. आपण सांगतो तेवढंच मशीन करतं, हे विद्यार्थ्यांना रोज सांगायचो... म्हणूनच हे लिहायला इतकी वर्षं लागली.

१९९९ साल. जामखेडला स्टँडमागे माझा छोटा क्लास होता. एके दिवशी भिवाजी साळवे एक कॅसेट घेऊन आले. त्यांची बायको जवळच्या गावात पंचवीस वर्षं नर्स होती. सगळे तिला साळवे सिस्टर म्हणत. नुकतीच ती अचानक गेली होती. कॅसेटवर, गरोदर बायकांसमोर तिनं केलेलं एक भाषण होतं.

"पुण्यानुमोदनाला तिचे फोटो दाखवा, सर. आन् आवाज लागला तर लई बरं हुईल."

मी पॉवरपॉइंटमध्ये नऊ स्लाइड केल्या. शेवटच्या स्लाइडवर सिस्टरांचा फोटो — त्यावर क्लिक केलं की आवाज. कॅसेटमधले बारा सेकंद घेतले होते: "गोळ्या टाकून देऊ नका, बायांनो, रगात वाढतं..." क्लासमध्ये छान वाजलं. पण फ्लॉपीत स्लाइडच कशाबशा मावल्या. आवाजाची फाइल दुसऱ्या फ्लॉपीवर घेतली, आणि ती गावात पोचल्यावर करप्ट निघाली.

पुण्यानुमोदनाचा, म्हणजे श्रद्धांजलीचा, कार्यक्रम शाळेत होता, सकाळी अकराला. शाळेच्या कॉम्प्युटरला स्पीकर होते, पण वाजवायला फाइलच नव्हती. भिवाजींना सांगितलं, "काका, फोटो दिसतील. आवाज नाही लागणार."

ते नुसतं "बरं" म्हणाले. चेहरा मात्र उतरला.

बुद्धवंदना झाली. मी एकेक स्लाइड पुढे नेली. शेवटचा फोटो आला आणि सवयीनं माझं बोट क्लिक करून गेलं.

स्पीकर खरखरला. मग सिस्टरांचा आवाज — अगदी जवळून, हळू.

"मंगल... बाळ हालतंय का?"



"खरं सांग. न्हाई ना? मंग बसलीस काय? ऊठ."

बायकांच्या रांगेत आठवा महिना लागलेली गावातली एक सून होती. तिचंच नाव मंगल. ती उभी राहिली आणि रडायला लागली. "कालपासून हालत न्हाई ओ... सासूबाई म्हनल्या, झोपलं आसंल."

सरपंचांच्या जीपमधून तिला तसंच नगरला नेलं. पोचल्यावर तासाभरात सिझर झालं. नाळेचा वेढा बसला होता. मुलगी झाली, आणि ती वाचली.

जीप गेल्यावर मी पुन्हा क्लिक केलं. फाइल सापडत नाही, असा मेसेज. दहा वेळा तेच. क्लासवर येऊन अख्खी कॅसेट ऐकली — दोन्ही बाजू. त्यात मंगल नाही, बाळ हालण्याचा विषयसुद्धा नाही.

महिन्याभरानं भिवाजी क्लासवर आले. म्हणाले, "लावा एकदा." मी ते बारा सेकंद लावले. त्यांनी तीनदा ऐकले. मग माझ्याकडे न बघता म्हणाले,

"सर, मीबी पुढंच बसलो हुतो त्या दिशी... मला एक शब्द न्हाई बोलली ती."

मी ते बारा सेकंद चौथ्यांदा लावले.